चुड्याखालचं हाड

प्रिय बबिता,

फोनवर तू तीनच शब्द बोलतेस. ‘ड्युटी आहे, दादी.’ मी तोंड उघडेपर्यंत फोन बंद. आणि आपल्या तांड्यात फोन लागतो कुठं, तर देवळाच्या ओट्यावर चढून उभं राहिलं तर. तिथून बोललं की खालच्या कोंबड्याही माना वर करून ऐकतात. मला जे सांगायचं आहे ते ओट्यावरून ओरडण्यासारखं नाही, म्हणून कागद घेतला. अक्षर पाहून हसू नको. ओळ सरळ निघते आणि बांधाकडं पळते, मी तरी काय करू? साक्षरतेच्या वर्गात मी ‘मले’ लिहिलं की बाई खोडून ‘मला’ करायच्या, म्हणून कागदावर मला-तुला लिहिते. तोंडानं बोलताना मी कोणाच्या बापाला भीत नाही, ते तुला ठाऊक आहे.

वैशाखात तुझ्या आजाचे दिवस झाले आणि दुसऱ्या सकाळी पहिल्या गाडीनं तू नागपूरला गेलीस. मग तीज गेली, पोळा गेला, दिवाळी गेली. तीजेला पोरी टोपल्या डोक्यावर घेऊन नाचल्या आणि आपल्या दारात गव्हाचं एक रोपटं उगवलं नाही. तू काहून येत नाहीस ते मला माहीत आहे. तुला वाटते, दादीला समजलं नाही. त्या गोष्टीवर मी येणारच आहे. पण आधी हाताचं सांगू दे. वर्षभर त्या हाताच्या आत जे चाललं ते पाहून माझ्यासारख्या कोरड्या बाईचीही बोलती बंद झाली, आणि माझी बोलती बंद होणं म्हणजे काय ते तू जाणतेस. तू नर्स आहेस, तुला यातलं सगळं पाठ असेल. तरी ऐक. पाठ असणं वेगळं आणि आपल्याच दंडात घडणं वेगळं.

मागच्या कार्तिकातली गोष्ट. कापसाच्या भावाची बोंब होती, साहेबलोकांच्या गाड्या गावोगाव धूळ उडवत होत्या. आम्ही आपली वेचणी करत होतो. भाव असो नसो, फुटलेला कापूस झाडावर कोणाची वाट पाहत बसत नाही. कमरेची ओटी भरलेली, ती रिकामी करायला निघाले आणि बांधाच्या धुऱ्यावरून पाय घसरला. धुरा केवढा? चार बोटांचा. त्यावरून शेळीचं पिल्लू पडलं तर उठून दूध प्यायला पळालं असतं. मी उजव्या अंगावर पडले आणि आतून आवाज आला, वाळली पऱ्हाटी मोडावी तसा. उठून पाहते तर हात माझा नाहीच, कोणाचा तरी आणून लटकवलेला. आणि नवल असं की कोपरापासून खांद्यापर्यंतच्या माझ्या बलिया, माझ्या लग्नातल्या हाडाच्या बांगड्या, आजच्या पोरींसारख्या प्लास्टिकच्या नव्हेत, त्यातली एकही तडकली नाही. कुठल्या जमान्यात मेलेल्या जनावराचं हाड साबूत राहिलं आणि त्याच्या खालचं माझं जितं हाड मोडलं. तेव्हा दुखणं एवढं होतं की विचार करायला जागा नव्हती. पण पुढं किती तरी दिवस मी हाच विचार केला.

कारण त्याच्या आदल्याच वर्षी बोरी अरबच्या शिबिरात माझी हाडं तपासली होती. टाच मशीनवर ठेवायची, मशीन घुरघुरते आणि आकडा सांगते. तिथला माणूस म्हणाला, “आजी, तुम्हाले शुगर हाये, पण हाडं एकदम ठणठणीत.” मी ते बाजारभर सांगत आले. समोरच्या बसंतीला तर दोनदा सांगितलं, एकदा तिचा नवरा खेमसिंग घरी नव्हता म्हणून आणि एकदा तो घरी होता म्हणून. हात मोडला तेव्हा बसंती पहिली धावत आली, डोक्याखाली आपली ओढणी दिली आणि मग म्हणाली, “काय वं लालीबाई, ठणठणीत होतं न?” तिची जीभ तुला माहीत आहे. माझ्या जिभेला घासूनच धार लावलेली आहे ती.

तू तेव्हा यवतमाळला शिकायच्या शेवटच्या वर्षाला होतीस. दवाखान्यात आम्ही पोचलो आणि मागून तू धावत आलीस, दोन पायांत दोन वेगळ्या चपला. हात सुजत चालला होता, बलिया मांसात रुतत चालल्या होत्या आणि बोटं जांभळी पडली होती. डॉक्टर म्हणाले, कापा, नाहीतर हात जाईल. मी म्हटलं, जाऊ द्या हात. त्या बिचाऱ्याला काय माहीत? तो कुठला कोण. आपल्यात कोपराच्या वरचा चुडा नवऱ्याच्या नावाचा. तो एकदाच उतरतो आणि त्या दिवशी घरात रडणं असते. आणि माझा नवरा तर तिथं उशाशी उभा होता, जिताजागता, कानावर बिडी लावून. तू माझ्यावर अशी ओरडलीस की वॉर्डातले रडणारे रडायचे थांबले. “दादी, हातच नाई राह्यला तर चुडा कायच्यावर घालशीन?” आणि कापायचं हत्यार आणायला गेलीस. परत आलीस तेव्हा मी हात पुढं धरलेला होता. तुला वाटलं, दादी ओरडण्याला भ्याली. अवं, मी सासूच्या ओरडण्याला भ्याले नाही, तर तुझ्या? हात काहून पुढं केला ते तुला आजपर्यंत कोणी सांगितलं नाही. सांगते, पण त्याच्या जागी.

कातडी आणि बलियाच्या मध्ये तू पत्र्याची पट्टी सारलीस आणि एकेक कापत गेलीस. रक्ताचा एक थेंब नाही. सगळ्या निघाल्यावर खालून जो हात निघाला तो माझा मीच ओळखला नाही. सोललेल्या कणसासारखा, कोवळा, फिका. लग्नापासून त्या कातडीनं ऊन पाहिलं नव्हतं. तुझा आजा वाकून पाहत राहिला, पाहतच राहिला. मग म्हणाला, “लाली, तू गोरी होतीस काय वं?” एवढी वर्षं संसार केला आणि त्या माणसाला हे दवाखान्यात समजलं. मी म्हटलं, “आता समजून काय फायदा?” तू तोंड फिरवून हसलीस. ते हसू मी शेवटचं पाहिलं, असं म्हणणार नाही. पण बऱ्याच दिवसांपूर्वीचं आहे.

हात जुळेल, वेळ लागेल, असं सगळे म्हणाले. कार्तिक गेला, संक्रांत गेली, हात पट्ट्यातच. होळीच्या सुमारास फोटो काढला तर दोन तुकड्यांच्या मध्ये काळी भेग, जशी उन्हाळ्यात आपल्या काळ्या रानाला पडते, हात घातला तर मनगटापर्यंत जाईल अशी. वर पाठीचा फोटो काढला तर दोन मणके दबलेले. मी म्हणत होते, फेटिया लांब झाला, पायात येऊन राह्यला. घागरा कुठला लांब होतो? मीच बुटकी होत होते. तेव्हा तू नागपूरला नोकरीवर लागली होतीस. तू मला तुझ्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंपुढं नेऊन बसवलंस.

मी त्यांना पहिल्या झटक्यात विचारलं, शिबिराचं मशीन खोटं बोललं काय? त्या म्हणाल्या, खोटं नाही बोललं, आजी, त्यानं वरून पाहिलं. शुगरवाल्यांच्या हाडांत चुना भरलेला दिसतो, पण चुना धरून ठेवणारा जो दोर असतो त्याच्यावर वर्षानुवर्षं साखर चढत जाते आणि तो कडक होतो. मला लगेच बाज दिसली. बाजेच्या सुतळीवर गुळाचा पाक सांडून वाळला तर सुतळी जाडजूड दिसेल, पण कोणी बसलं की कडकन तुटेल. आणि बोंड दिसलं. वरून टंच, हिरवंगार, आणि फोडलं की आत अळीनं सगळं खाल्लेलं. या सालांत आपण काय कमी पाहिली तसली बोंडं? वरून पाहून शाबासकी द्यायची आणि आतून पीक गेलेलं. मी हे बाईंना सांगितलं तर त्यांनी पेन खाली ठेवला आणि म्हणाल्या, पुढच्या पेशंटला मी असंच सांगीन.

मग त्यांनी जे सांगितलं ते ऐकून मी घरी येईपर्यंत गाडीत कोणाशी बोलले नाही. शेजारची बाई चिवडा देत होती, तोही घेतला नाही. मी आयुष्यभर समजत होते की हाड म्हणजे अंगातलं लाकूड. खांब. एकदा रोवला की मरेपर्यंत उभा. तर बाई म्हणाल्या, हाडासारखं जितं काही नाही. त्याच्यात रोज खोदणारे मजूर आहेत आणि रोज बांधणारे आहेत. एक टोळी जुनं खोदून काढते, मागून दुसरी टोळी नवं भरत जाते. आपण झोपलो तरी त्यांची सुटी नाही. शुगरनं बांधणारी टोळी सुस्त पडते, बस, एवढाच बिघाड. आणि या मजुरांना हुकूम कोण देतं? तर आपल्या गळ्यात मसुरीएवढे चार दाणे आहेत, ते. त्यांच्यातून रस निघतो, रक्तातून हाडापर्यंत जातो. रक्तात चुना कमी पडला की हुकूम सुटतो, हाडातून काढा. आपले वाडवडील लदेणी करायचे, बैलांच्या पाठीवर मीठ लादून मुलखामुलखात पोचवायचे, हे तू माझ्याकडूनच ऐकलं आहेस. मी त्या गोष्टी सांगताना म्हणायची, आता ते सगळं गेलं, बैल गेले, रस्ते गेले. कुठं गेलं? माझ्या अंगात रात्रंदिवस लदेणी चालू होती आणि तिचा नायक माझ्याच गळ्यात बसलेला होता. मला पत्ता नाही!

आणि तो रस म्हणजे मण्यांची माळ आहे म्हणे. चौऱ्याऐंशी मणी, एका ठरल्या क्रमानं ओवलेले, एक मणी इकडचा तिकडं चालत नाही. ओढणीला मणी-कवड्या लावण्यात माझा जन्म गेला, मला हे कोणी समजावायला नको. औषधात त्यातले पहिले चौतीसच मणी घेतात, तेवढ्यानं काम होते. मी विचारलं, “मंग बाकीचे पन्नास देवानं कायले ओवले?” बाई इतक्या हसल्या. म्हणाल्या, मोठे मोठे लोक तेच शोधत आहेत, आजी. आणि ही माळ ओवते कोण? कारखान्यातले जंतू. ज्यांच्यामुळं पोरांना जुलाब होतात, त्यांच्याच भाऊबंदांना माणसानं ओवायला शिकवलं. बबिता, आमच्या काळात बाईला सही शिकवायला सरकारला इतकी वर्षं लागली, आणि इथं जंतू मणी ओवून राह्यले.

पण सगळ्यांत मोठं नवल अजून पुढंच आहे. मी विचारलं, हा रस जर हाड खोदायचा हुकूम देतो, तर मोडल्या हाडाला तोच कायले देता? आगीत तेल? बाई म्हणाल्या, तेच तर. हाच रस रक्तात सारखा वाहत राहिला तर हाड खाऊन टाकतो. आणि दिवसातून एकदा, थेंबभर, टोचून सोडून दिला तर बांधणारी टोळी जागी होते आणि हाड वाढते. तोच रस. तेच मणी. सारखं असणं आणि एकदाच येऊन जाणं, एवढाच फरक. मी शेतकऱ्याची बायको, पाण्याचं मला माहीत आहे. पऱ्हाटीच्या बुडाशी पाणी साचून राहिलं तर झाड उभ्या उभ्या जळते आणि थेंब थेंब मिळालं तर बोंडं लागतात. तरी अंगावर काटा आला. देवाचं एवढं बारीक काम माझ्यासारखीच्या आत चालू आहे आणि मी त्या अंगाला ‘मेलं अंग’ म्हणून शिव्या देत होते. बाईंनी मात्र साफ सांगितलं, सुई देते ती मणक्यांसाठी. हाताचं हाड जुळेलच असा शब्द देत नाही. शुगरवाल्यांच्या हाडांचा आमचा अभ्यास चालू आहे, त्यात तुमचं नाव घालते, औषध तिकडून मिळेल. पण शुगर ताब्यात ठेवा, आणि ही सुई आयुष्यभर नाही, दोन वर्षांच्या वर नाहीच. मला ते आवडलं. जे औषध आपला शेवट आपणच सांगते त्याच्यावर विश्वास ठेवावा.

आता सुई ठेवायची थंड जागी. तांड्यात फ्रिज एकच, बसंतीकडं, पेप्सीच्या कांड्या विकायला घेतलेला. मी विचारायला गेले तर म्हणाली, “ठेव न, कायले विचारतं? कांड्यांच्या बाजूले तुया हाडाचं इंजेक्शन. गिऱ्हाइकानं चुकून चोखलं तर पोराचं हाड वाढन.” आणि तिनं केलं काय? मोठ्या आदरानं सुईचा पेन बर्फाच्या कप्प्यात ठेवला, सगळ्यांत वर, सगळ्यांत थंड, जशी पाहुण्याला मोठी बाज द्यावी. दुसऱ्या दिवशी पेन दगड. तू फोनवर किंचाळलीस, “गोठवायचं नव्हतं, दादी! वाया गेलं सगळं!” नवा पेन येईपर्यंत बसंती माझ्यापुढं येईना. आला तेव्हापासून मात्र तिनं तो पोटच्या पोरासारखा सांभाळला. लोडशेडिंग लागलं की बर्फाचे तुकडे घातलेल्या थर्मासमध्ये पेन, पेनाला फडकं, आणि थर्मासभोवती सरकीसकट कापूस दाबून टोपली. व्यापारी ज्या कापसाला नाक मुरडत होते तो असा कामाला आला.

सुई टोचायचा तुझा आजा. माझा उजवा हात पट्ट्यात आणि डाव्या हातानं मला साधी चटणी वाटता येत नाही. रोज सकाळी बसंतीकडून पेन आणायचा, माझ्या पोटाची चिमटी धरायची आणि टोचताना स्वतःचे डोळे मिटून घ्यायचे. मी म्हणायची, “डोये उघडा, नाईतर बाजेले टोचान.” तो म्हणायचा, “तुया पोटात सुई जातानी मी पाहू शकत नाई.” शेळ्या कापताना तो कधी डोळे मिटत नव्हता, हे लक्षात ठेव. दिवसातून एकदा, थेंबभर. त्या माणसानं लग्नापासून माझ्याशी गोड बोलायचंही असंच धोरण ठेवलं होतं. आता वाटते, त्याला हे विज्ञान आधीपासून माहीत होतं.

मग वैशाखातली ती दुपार. विहिरीवरून आला, सावलीत बसला, पाणी आण म्हणाला आणि पाणी येईपर्यंत नव्हता. डॉक्टर म्हणाले, छातीत बंद पडलं. बाकी तू सगळं पाहिलंस. पण एक गोष्ट तू अर्धीच ऐकलीस, आणि त्या अर्ध्या गोष्टीवर तू सात महिने नागपुरात बसली आहेस. बाया चुडा उतरवायला माझ्याभोवती बसल्या. डाव्या हाताच्या बलिया उतरल्या. मग उजवा हात धरला, तर तिथं उतरवायला काही नव्हतंच. आणि बसंतीच्या तोंडून निघालं, “नातीनं आधीच कापला होता न. जित्या माणसाचा चुडा कापला, मंग काय होईन?” तू दारात पाण्याची घागर घेऊन उभी होतीस. घागर ठेवलीस आणि मागं फिरलीस. एवढंच तू ऐकलंस. पुढचं मी काय बोलले ते ऐकायला थांबली नाहीस.

मी म्हटलं, “बसंती, तुया सासूच्या दोन्ही हातांत खांद्यापर्यंत चुडा होता. सासरा गेला त्या दिवशी त्यातल्या कोणत्या बलियानं त्याले धरून ठेवलं? या इथं बसलेल्या रांडमुंड बायांनो, तुम्ही सांगा. ज्या दिवशी तुमचे गेले, त्या दिवशी तुमचे चुडे हातातच होते न? मंग काय पहारा देला त्याईनं?” बसंतीनं ओढणीत तोंड घातलं. हे मी रडता रडता बोलले असं समजू नको. रडणं मी नंतर केलं, एकटीनं, गोठ्यात.

दुसऱ्या सकाळी मी घराबाहेर पडायला नको होतं, सुतकातली बाई. पण सुई चुकवायची नव्हती. उठले तर दाराबाहेर थर्मास ठेवलेला, कापसात गुंडाळलेला. बसंती आपल्या ओट्यावर पाठ करून बसली होती. त्या दिवसापासून सुई मी डाव्या हातानं स्वतःच टोचते. डोळे उघडे ठेवून.

दिवाळीच्या पुढच्या आठवड्यात यवतमाळला फोटो काढला. तू येशील म्हणून दोनदा निरोप धाडला होता. नाही आलीस, म्हणून मी एकटीनंच पाहिला. डॉक्टरनं फोटो उजेडाच्या काचेवर लावला. होळीला जिथं काळी भेग होती तिथं पांढरं धुकं. धुकं नव्हे, पूल. दोन्ही काठांकडून येत येत मध्ये भेटलेला, थोडा जाड, गाठीसारखा. डॉक्टर म्हणाला, जुळलं. सुईनं जुळलं, का शुगर आवरली म्हणून, का वेळेनं, ते तो सांगू शकत नव्हता आणि मीही विचारलं नाही. मी त्या गाठीकडं पाहत उभी राहिले. माझ्या या वयात, या साखरेच्या अंगात, नवं हाड. सगळे म्हणत होते म्हातारी आता वाळणार, आणि आत कोणी तरी रोज उठून बांधकामाला जात होतं. मी घरी सुतकात होते तेव्हाही. गोठ्यात रडत होते तेव्हाही. त्यांनी एक दिवस काम थांबवलं नाही, बबिता. डॉक्टरनं विचारलं, आजी, रडून कायले राह्यल्या? मी म्हटलं, तुमच्या काचेचा उजेड लागून राह्यला डोळ्याला.

आता हे कागद काहून लिहिले ते ऐक. भादव्यात बसंती ओल्या शेणावरून घसरली आणि तिचा डावा दंड मोडला. तिलाही शुगर आहे, हे माझ्याआधी सगळ्या तांड्याला माहीत होतं, तिच्याशिवाय. दवाखान्यात फोटोसाठी चुडा काढा म्हणाले, ती तशीच उठून आली. बांबूच्या कामट्या बांधून दोन महिने घरी बसली आहे आणि हात लटकतो आहे, जसा माझा लटकत होता. काल संध्याकाळी ती माझ्या दारात आली, खेमसिंगला मागं घेऊन. मग म्हणाली, “कापाच लागन म्हन्ते डॉक्टर. पण कापावं तर बबितानंच. तिच्या हातानं थेंबभर रक्त नाई निंघालं.” मी म्हटलं, जित्या माणसाचा चुडा कापायचा का वं? तर खेमसिंग मागून म्हणाला, कापू द्या वहिनी, धरमसिंगभाऊनं दवाखान्यात काय म्हटलं होतं ते भाऊ गेल्यावर तुम्हीच सांगलं न आम्हाले. आणि तेव्हा मला समजलं की हे सगळ्या तांड्याला माहीत आहे आणि तुलाच माहीत नाही. तू हत्यार आणायला गेलीस न, तेव्हा तुझा आजा माझ्या कानाशी वाकला होता. म्हणाला, “लाली, हात दे पोरीले. माया जीव बांगडीत ठेवाले मी काय गोष्टीतला राक्षस हावो, पोपटात जीव ठेवणारा? माया जीव माया जागी हाये, तू आपला हात वाचव.” म्हणून मी हात पुढं केला. तुझ्या ओरडण्यानं नाही. तो चुडा तू नाही कापलास, ज्याच्या नावाचा होता त्यानं उतरवायला लावला. येत्या रविवारी ये. पत्र्याची ती पट्टी आण, बसंतीला जीभ लांब आहे पण कातडी पातळ आहे. ओरडायचं असेल तर तिच्यावर मनसोक्त ओरड, मी अडवणार नाही. आणि हे अक्षर वाकडं आहे म्हणून हसलीस न? पुन्हा एकदा नीट पाहा. डाव्या हाताला माझ्या ‘क’सुद्धा येत नाही. सगळं पत्र उजव्यानं लिहिलं आहे.

तुझीच, आणि दोन्ही हातांनी तुझी,
लाली दादी